ओणव्याची कडी

१

छोटी पन्नाशीला टेकली होती. दर महिन्याला केसांना कलप लागत होता, कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात हाताखालच्या मुली तिला मॅडम म्हणत होत्या, तरी घरात ती छोटीच. त्या नावाने हाक मारणारी माणसं आता दोनच उरली होती. फोनवरून दादा आणि घरातून आप्पा. आप्पांना तिचं खरं नाव आठवत नसे, पण 'छोटे' एवढं तोंडात पक्कं बसलं होतं. तिलाही तेवढं पुरत होतं.

सकाळचा क्रम ठरलेला. आप्पांची आंघोळ, दाढी, न्याहारी, गोळ्या. मग त्यांना त्यांच्या खोलीत खुर्चीवर बसवायचं, हाताशी पाण्याची बाटली ठेवायची, रेडिओ हळू लावायचा. खोलीला लागूनच संडास होता, ती एक सोय. आणि मग दार ओढून घेऊन बाहेरून कडी घालायची. कडी घालताना ती दाराला तोंड लावून म्हणायची, "घाबरू नका आप्पा. काम संपलं की मी येते आणि उघडते." आतून उत्तर यायचं नाही. आप्पांनी आरडाओरडा केला असता, दार बडवलं असतं, तर तिला निदान भांडता तरी आलं असतं. ते गप्प बसत, आणि तेच तिला दिवसभर टोचत राहायचं.

कडीचीही एक कहाणी होती. मागे एकदा ती कामावर असताना आप्पा घरातून निघून गेले. शोधून शोधून तिच्या नाकी नऊ आले. शेवटी सापडले ते गल्लीच्या टोकाला, पाइप टाकायला खणलेल्या चरात. पडले नव्हते. हात आणि गुडघे मातीत टेकून, पाठ फळीसारखी सरळ धरून, मान खाली घालून ओणवे होऊन बसले होते. काठावर बघ्यांची ही गर्दी. कोणी हात दिला तरी घेईनात. म्हणाले, सगळे जाऊ देत, मग येतो. छोटी कामाच्या कपड्यांत चरात उतरली, त्यांच्या शेजारी मातीत बसली आणि बरंच काही बोलली, पण ते हलले नाहीत. शेवटी वैतागून तिने हातातला डबा चराच्या कडेवरच्या लोखंडी पाइपवर आपटला. तो ठणठणाट ऐकताक्षणी आप्पा शहाण्या मुलासारखे उठले आणि घरी आले.

दादाला हे कळल्यावर त्याने फोनवरूनच निकाल लावला. दादाचं एक बरं होतं, लांब राहून त्याला इथलं सगळं फार स्पष्ट दिसायचं. एकतर आप्पांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेव, नाहीतर दाराला कडी लाव. पुन्हा असं झालं तर मी येऊन घेऊन जाईन, तुझं काही ऐकणार नाही. आप्पांना कुठेही ठेवायचं नाही हे छोटीने आई गेली तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. म्हणून कडी आली. सुतार कडी ठोकताना म्हणाला की बाहेरून कडी लोक अडगळीच्या खोलीला लावतात, ताई. तिने त्याला काम कर म्हणून सांगितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

२

आप्पा तरुणपणी सैन्यात होते, रस्ते आणि पूल बांधणाऱ्या तुकडीत. तिथे ते एक विचित्र गाडी चालवत. रणगाडाच, पण त्याच्या डोक्यावरची तोफ काढून टाकलेली. त्या जागी पाठीवर लांबच्या लांब दोन लोखंडी पट्ट्या, पुढे आणि मागे उतार. वाटेत खंदक लागला की या गाडीने त्यात उतरायचं आणि तळाशी जाऊन बसायचं. बाकीची फौज मग तिच्या पाठीवरून पलीकडे जायची. गाडी हाच पूल. शिपाई तिला ओणवा म्हणत.

छोटीला लहानपणापासून छोट्या रणगाड्यांचं वेड, आणि ते लावलं आप्पांनीच. सुटे भाग जोडून रणगाडा करायचा पहिला संच त्यांनीच आणून दिला होता. कपाटात आता रांगा लागल्या होत्या, सुरुंग उखडणारे, चिखलात फसलेल्यांना ओढणारे, सगळे तिने जोडलेले. ओणव्याचा संच मात्र जगात कोणी काढला नव्हता. म्हणजे प्लास्टिकचा पत्रा आणायचा आणि एकेक भाग स्वतः कापायचा, अगदी बोल्टच्या डोक्यापर्यंत. हे काम ती वर्षानुवर्षं पुढे ढकलत आली होती. कडी लावली त्या आठवड्यात तिने कामाचं टेबल हॉलमधून उचललं आणि आप्पांच्या खोलीत आणलं. संध्याकाळी आणि रविवारी तरी त्या खोलीत त्यांच्यासोबत बसायचं. दिवसभर कोंडल्याची भरपाई, दुसरं काय.

जवळ फोटो दोन होते आणि दोन्ही पुढून काढलेले. आतलं काहीच दिसत नव्हतं. आप्पांना मापं आठवत नव्हती, आकडे तर कधीच डोक्यातून गेले होते. पण एकदा तिने सहज विचारलं, "आप्पा, तुम्ही आत कसे बसायचात?" आणि आप्पा बसले. खुर्चीत पाठ वाकवली, गुडघे जवळ घेतले, कोपरं अंगाला चिकटवली, मान पुढे झुकवली. मग त्यांचे हात हवेत फिरू लागले. इथे भिंत. इथे दांडा. इथे छप्पर, डोक्यावर चार बोटं. तिने घाईघाईने मोजपट्टी आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तर हात पुन्हा त्याच जागी येऊन थांबले, केसभरही इकडे तिकडे नाही. सकाळचा चहा दुपारी न आठवणारा माणूस तो. कवळीचं माप घेताना तोंडाच्या आतला साचा घेतात, तसा तिने आप्पांच्या अंगावरून त्या गाडीचा आतला साचा घेतला आणि मूळ मापाच्या एक पस्तीसांशात उतरवला.

गाडीत माणसं दोन असत. पुढे चालवणारा, म्हणजे आप्पा, आणि त्यांच्या पाठीशी उजव्या अंगाला सांगणारा. त्याला आप्पा 'मागचा' म्हणत. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून मागचा खांद्यावर हात ठेवून सांगे. डाव्या खांद्यावर हात म्हणजे डावीकडे, उजव्या म्हणजे उजवीकडे, दोन्ही खांद्यांवर म्हणजे थांब. ही युक्ती कळल्यावर छोटीचं निम्मं काम हलकं झालं. आंघोळीला न्यायचं तर आता समजावत बसायला नको. खांद्यावर हात ठेवला की आप्पा वळत, आणि दोन्ही खांदे धरले की जागच्या जागी उभे राहत.

एक गंमत तिने त्याच सुमाराला टिपली. आप्पा कुठल्याही दारातून जाताना क्षणभर अंग चोरून बाजूला होत, मागून येणाऱ्याला वाट द्यावी तसे. कोणाला वाट देताय म्हणून तिने थट्टेने विचारलं. आप्पा म्हणाले, मागच्याला. ती हसली. हसल्यावर तिने एकदा मागे वळून पाहिलं, ते मात्र तिचं तिलाच आवडलं नाही.

३

खटका उडाला तो झाकणावरून.

आत जायचं झाकण छपरात होतं, वरच्या दोन पट्ट्यांच्या मधे. बाकी सगळं हातांनी दाखवणारे आप्पा झाकणापाशी आले की हात वर नेत आणि तळवा सपाट धरत. पकडायला काहीच नाही असा. छोटीने विचारलं, मूठ कुठे आहे, आतून उघडायची? आप्पांनी नाही अशी मान हलवली. कडी कुठे मग? त्यांनी बोट वर केलं, छताच्याही वर. बाहेरून.

छोटीला हसू आलं नाही. तिला कळलं की म्हाताऱ्याच्या डोक्यात या खोलीच्या दाराची कडी जाऊन बसली आहे आणि आता ती गाडीतही शिरली आहे. ज्या गाडीत माणसं बसवायची तिला बाहेरून कडी कोण लावेल? फौजेतली माणसं तऱ्हेवाईक असली तरी इतकी नाहीत. ती फोटो भिंगाखाली धरून बसली. झाकणाच्या जागी काळा डाग होता. कडी असेलही, नसेलही.

चहा देताना तिने विषय पुन्हा काढला. मग बाहेर कधी यायचं, हे तुम्हाला कळायचं कसं? आप्पांचं त्या दिवशी बरं चाललं होतं. ते नीट सांगू लागले. वरून गाड्या जात असतात तोवर आत बसायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. किती गेल्या, किती राहिल्या, आत कळत नाही. शेवटची गेली की वरचा एकजण पान्याने झाकणावर ठोकतो आणि उघडतो. ठोकल्याशिवाय उठायचं नाही.

छोटीचा हात थांबला. रोज संध्याकाळी ती कडी काढायची, दार सताड उघडायची, तरी आप्पा खुर्चीतून उठत नसत. दारावर टकटक केली की मगच उठत. जुन्या वळणाचा माणूस, आल्यावर दार वाजवावं अशी अपेक्षा असेल, असं ती इतके दिवस समजत होती. चरातला तो डब्याचा ठणठणाटही तिला आठवला.

"एकदा ठोकायला कोणी आलंच नाही," आप्पा म्हणाले.

"मग तुम्ही बाहेर कसे आलात?"

आप्पांनी कप बशीत ठेवला. तिच्याकडे बघितलं, शाळेतल्या भाबड्या पोरीकडे बघावं तसं.

"कोण आलं बाहेर?"

मग त्यांनी आणखी चहा मागितला. तिने आणून दिला तोवर ते बोलणं त्यांच्या ध्यानातून गेलेलं होतं. तिच्या ध्यानातून मात्र ते जाईना.

४

तिने झाकणाला आतून मूठ लावली. हट्टाने लावली. मॉडेल खरं असलं पाहिजे हे तिचं जन्माचं व्रत. बंद झाल्यावर कोणाला दिसणार नाही असे दांडे आणि पेडलसुद्धा ती करायची. पण इथे ती मनाशी म्हणाली, आप्पांना आतून उघडता आलंच पाहिजे. तारेचा बारीक तुकडा वाकवला, चिमट्याने जागेवर धरला, चिकटवला. मग छप्पर बसवलं, सांध्यावर प्लास्टिक जोडायचं सोल्युशन फिरवलं आणि ओणवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी गाडी उचलली तर आत काहीतरी खुळखुळलं.

हे दुखणं मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचं असतं. सगळं चिकटवून झाल्यावर आत एखादा भाग सुटतो आणि जन्मभर खुळखुळत राहतो. छोटीने कपाळावर हात मारला. मूठ सुटली, दुसरं काय असणार. दोन दिवस दुर्लक्ष करून बघितलं, मग राहवेना. बारीक करवतीने सांधा कापून तिने छप्पर काढलं.

आत काहीच सुटलेलं नव्हतं. गाडी उलटी केली, टेबलावर पांढरा कागद पसरून त्यावर आपटली. कणही पडला नाही. मूठही नव्हती. नुसती नव्हती असं नाही, जिथे ती चिकटवली होती तिथे चिकटवल्याची खूणसुद्धा नव्हती. पत्रा कोराकरकरीत होता. छोटी स्वतःलाच म्हणाली, लावलीच नसेल. वय झालं, आप्पांचंच रक्त आहे. हा विचार तिने धरून ठेवला, कारण तो दुसऱ्या विचारापेक्षा तरी बरा होता.

तिने नवी मूठ केली आणि या वेळी कारखान्यातलं ॲक्रिलिक वापरलं. त्याने जोडलेल्या कवळीने लोक सुपाऱ्या फोडतात. पुन्हा छप्पर बंद केलं. हलवून बघितलं. चिडीचूप. तिचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी ती कामावरून आली, कडी काढली आणि नेहमीसारखी दारावर टकटक केली. आप्पा उठले. आणि टेबलावरून, बंद गाडीतून, अगदी बारीक आवाज आला. नखाने टिचकी मारावी तसा. टक. मग थोडं थांबून पुन्हा.

सोल्युशन वाळतं तेव्हा प्लास्टिक आवळतं आणि सांधे वाजतात. हे खरं आहे, तिने कित्येकदा ऐकलं होतं. तिने आप्पांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना हॉलमध्ये नेलं. दारातून जाताना त्यांनी अंग चोरून वाट दिली.

५

शेजारीण फाटकावर भेटली. बाई बोलायला गोड आणि कानाने तिखट. म्हणाली, राग मानू नका, पण दिवसभर तुमच्या गच्चीवर काय चालतं? कपाटं ओढल्यासारखे आवाज येतात, एक झालं की दुसरं. आमचे हे रात्रपाळीचे, दिवसा झोपतात, त्यांचा डोळा लागत नाही. छोटी म्हणाली, घरात आप्पांशिवाय कोणी नसतं, ते खोलीत असतात आणि खोलीला कडी असते. बोलून गेल्यावर तिला जीभ चावावीशी वाटली. शेजारीण फक्त अच्छा म्हणाली आणि तो अच्छा छोटीच्या अंगाला चिकटून राहिला.

घर बैठं होतं. वर फक्त उघडी गच्ची आणि पाण्याची टाकी. छोटी शिडीने वर गेली. महिन्याभरात झाडलेली नव्हती, शेजारच्या झाडाची वाळकी पानं सगळीकडे पसरलेली. आप्पांच्या खोलीच्या बरोबर वर मात्र दोन लांब पट्टे होते, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. पट्ट्यांवरही पानं होती. पण त्यांची भुकटी झालेली होती, खलबत्त्यात कुटल्यासारखी. मधल्या जागेत पानं अख्खी.

पोरं सायकल वर आणत असतील, ती म्हणाली. शिडीने? तिने स्वतःलाच हे विचारलं आणि स्वतःलाच उत्तर न देता खाली आली.

त्याच दिवशी दादाचा फोन. त्याने संस्थेत जागा पक्की केली होती. रविवारी दुपारी येतो, आप्पांना बघतो आणि मग ठरवू, असं म्हणाला, पण त्याच्या 'ठरवू'चा अर्थ छोटी लहानपणापासून जाणून होती. तिने फोनभर एकच सांगितलं, की आप्पा घरात सुखरूप आहेत, माझ्या नजरेसमोर आहेत, कुठे जात नाहीत. दादा म्हणाला, येऊन बघतो. आप्पा घरात सुरक्षित आहेत एवढंच तिला दाखवायचं होतं. तेवढं जमलं तर आप्पा राहणार, नाहीतर जाणार. रविवारपर्यंत तिला झोप लागली नाही.

६

रविवारी सकाळीच तिने आप्पांची दाढी करून त्यांना इस्त्रीचा सदरा घातला. दादा यायला वेळ होता. ती त्यांच्या खोलीत टेबलाशी बसली. रंग देऊन झाला होता, चाकांना चिखल लावून झाला होता. ओणवा पूर्ण झाला. तिने तो दोन्ही हातांनी उचलून आप्पांपुढे धरला. काही खुळखुळलं नाही.

आप्पा बराच वेळ बघत राहिले. बोटाने पट्ट्या चाचपल्या, उतार चाचपले. मग बोट झाकणावर आलं आणि थांबलं.

"कडी?"

छोटीने गाडी टेबलावर ठेवली. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर पडलं. तिने सांगितलं की कडी मुद्दामच नाही केली, आतून मूठ केली आहे, पक्की, आता तुम्हाला केव्हाही उघडता येईल, कोणाची वाट बघायला नको. ही दाराची कडीसुद्धा मी आज काढून टाकते, दादा काही का म्हणेना. मला माफ करा आप्पा.

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आवाज स्वच्छ होता, पूर्वीचा.

"आतून उघडत नसतं, पोरी. आतून उघडलं असतं, तर कोणी थांबलं असतं का?"

टेबलावर ठेवलेल्या गाडीतून टक असा आवाज आला. पुन्हा आला. या वेळी तिने सोल्युशनची, पत्र्याची, कसलीच सबब शोधली नाही. तिला एकच वाटलं, की कोणीतरी एवढी वर्षं आत बसून आहे आणि ठोकायला कोणी आलेलं नाही. इतकी साधी गोष्ट आणि ती करायला कोणी आलं नाही. तिने कारखान्यातली मेण कोरायची सुरी उचलली आणि सुरीच्या मुठीने ओणव्याच्या झाकणावर ठोकलं. टक, टक, टक.

आप्पा उठले. उठले ते ताठ. पाठीतलं वाकलेपण गेलं, मान वर आली. छोटीने त्यांना इतकं उंच कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "संपलं," ते म्हणाले आणि दाराकडे चालू लागले. ती आनंदाने बघत राहिली. खरोखरच आनंदाने, कारण बापाला असं चालताना बघायला मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. आप्पा दारातून सरळ बाहेर पडले. अंग चोरलं नाही. कोणाला वाट दिली नाही.

हे तिच्या लक्षात यायला एक क्षण गेला. तेवढ्यात दार मिटलं आणि कडी सरकली.

७

आधी ती हसली. "आप्पा, कडी काढा, दादा येतोय."

बाहेरून आप्पांनी दाराला तोंड लावलं. आवाजात माया होती.

"घाबरू नकोस, छोटे. संपलं की मी येतो आणि उघडतो."

तिचंच रोजचं वाक्य. तिने दार ओढून बघितलं. आतल्या बाजूला धरायला मूठ होती, सुताराने कडी लावली त्याच दिवशी तिने ती हलवून पाहिलेली होती. आता तिचा हात गुळगुळीत लाकडावरून फिरला आणि रिकामा परत आला.

मग वरून पहिली गेली. आधी दूरवर घरघर, मग कठड्याशी धक्का, मग सगळं वजन छतावर. दिवा हलला, चुन्याची भुकटी तिच्या केसांत पडली. गेली. लगेच दुसरी. ती दार बडवू लागली, हातांनी, मग टेबलावरच्या हातोडीने. खिडकीकडे धावली. काचेपलीकडे अंगण असायला हवं होतं. काचेला बाहेरून ओली माती टेकलेली होती, तीत तुटलेलं एक मूळ दिसत होतं. ती पुन्हा तिकडे बघायला गेली नाही.

दोन गाड्यांच्या मधे थोडी शांतता मिळे. त्या शांततेत तिला फाटक वाजलेलं ऐकू आलं. दादा. तिच्या जिवात जीव आला. ती घसा फोडून ओरडली.

"वर काय ओढतायत शेजारी?" दादा म्हणत होता. "अरे वा आप्पा, ताठ उभे आहात की. छोटी कुठे आहे?"

"कामावर गेलीय."

"रविवारी? कोणाची तातडीची कवळी असेल." स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला. वाजून वाजून थांबला. "घ्या, फोनही घरीच. आणि तुम्हाला असं मोकळं सोडून गेली? हेच तर मी सांगत होतो."

तिने हातोडी दारावर घातली. वरून पुढची गेली आणि तो आवाज त्यात विरून गेला. नंतरच्या शांततेत पावलं दारापाशी आली आणि थांबली. दादाचीच असावीत. पण बाहेरून कडी लावलेल्या खोलीत कोण कशाला डोकावेल? आत कोणी नाही, म्हणून तर कडी. पावलं फिरली.

"चला आप्पा, जरा फिरून येऊ. जागा छान आहे, बघा तरी."

आप्पांची पावलं दारासमोर अडखळली. छोटीने श्वास धरला. ठोका आप्पा, ती मनात म्हणाली, नुसतं एकदा ठोका.

"अजून जातायत," आप्पा म्हणाले.

"कोण?"

आप्पांना बहुतेक आठवलं नाही. "काही नाही. चला," ते म्हणाले. बाहेर मोटारीचं दार लागलं.

आप्पा बाहेर पडले, हे तिला कळत होतं आणि त्याचं तिला बरंही वाटत होतं. त्या अवस्थेतही यात खोटं काही नव्हतं. फक्त आता ठोकायचं त्यांना आठवायला हवं होतं. सकाळचा चहा त्यांना दुपारी आठवत नसे.

वरून आणखी एक आली, आधीच्यापेक्षा जड. छत खाली आलं की काय कोण जाणे, उभं राहायला जमेना. ती आप्पांच्या खुर्चीत बसली. पाठ वाकवली, गुडघे जवळ घेतले, कोपरं अंगाला चिकटवली. डोक्यावर चार बोटं जागा उरली. हात वर करून तिने चाचपलं. पकडायला काहीच नव्हतं. दार उघडून ओरडत बाहेर धावायचं, एवढंच तिच्या मनात होतं. ती उठायला गेली.

मागून, उजव्या अंगाने, कोणीतरी तिच्या दोन्ही खांद्यांवर अलगद हात ठेवले.